पुतळीची माळ आणि पिशवीतल्या मोहरा

आजीच्या गळ्यातली पुतळीची माळ आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. ही पुतळी मुळात परदेशी नाणं. इटलीतल्या व्हेनिस शहरानं १२८४ पासून डुकाट नावाचं नाणं पाडलं. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला येशू. व्यापारातून ते आपल्याकडे आलं. वर माणसांच्या आकृत्या, म्हणून पुतळी. काहींना तर त्यात राम-सीता दिसले! पुढं इकडंच तशा नकला बनल्या. वरची अक्षरं कुणाला वाचता येईनात, म्हणून नकलांवर नुसत्या रेघोट्या उरल्या.

जुन्या नाण्यांचं वेड जगभर आहे. स्पेनचं 'आतोचा' नावाचं जहाज सोनं-चांदी घेऊन जाताना १६२२ मध्ये फ्लोरिडाजवळ वादळात बुडालं. मेल फिशर यांनी सोळा वर्षं शोध घेतला. त्यात १९७५ मध्ये बोट उलटून त्यांचा मुलगा आणि सून दोघं गेले. मुख्य खजिना सापडला १९८५ मध्ये. तिथली नाणी हौशी लोक घेतात ती दाखला पाहून. कोणत्या जहाजातलं, कितव्या नंबरचं, हे त्यावर असतं. दाखला नसेल तर किंमत उतरते.

आमच्या शहागडला समुद्र नाही, गोदामाई आहे. "नदीकाठी खोदताना हंडा सापडला, पैठणच्या सातवाहन राजांच्या मोहरा आहेत," असं सांगत माणूस दारात येतो. आमच्या गटातल्या एका ताईंनी त्यासाठी अंतर्गत कर्ज मागितलं होतं. अहो, सातवाहनांची नाणी सापडतात ती शिशाची, तांब्याची, पोटिनची, चांदीची! सोन्याची पिशवीभर आली कुठून? अशा माणसाची रीत ठरलेली. आधी एक खरं नाणं देतो, "सोनाराला दाखवून या" म्हणतो. सोनार खरंच सांगतो. मग रोख घेऊन पिशवी देतो, ती पितळेची. आम्ही ताईंना म्हटलं, पिशवीतलं नाणं तुम्ही निवडा आणि त्याला सोबत घेऊन सोनाराकडं चला. तो पुन्हा फिरकलाच नाही.

आणि धन खरंच सापडलं तर? १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. लपवलं तर तुरुंग होऊ शकतो. कळवलं आणि चौकशीत कुणी मालक निघाला नाही, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक, अशी वाटणी कायद्यातच आहे. म्हणजे चोरून विकणाऱ्याकडून घेण्यात आपलाही पाय अडकतो.

नवी पुतळी करायची असेल तर हॉलमार्क बघा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. तो मोबाईलवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून तपासता येतो. ॲप जमत नसेल तर बैठकीला येताना दागिना आणि पावती घेऊन या, आम्ही बघून देऊ.