मातीत पेरलेले बीज
(ख्रिस्ती धर्मातील आत्मा, मृत्यू आणि पुनरुत्थान यांविषयी थोडेसे)

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या एका ख्रिस्ती वर्गमित्राची आई वारली. निरोप मिळताच आम्ही चार मित्र कुंभारवाड्याहून मिळेल त्या गाडीने त्याच्या गावी गेलो. पोहोचलो तेव्हा देवळातली प्रार्थना आटोपून मंडळी दफनभूमीत आली होती. पेटी खाली उतरवली गेली. प्रत्येकाने मूठभर माती टाकली, तशी मीही टाकली.

नंतर मित्राचे सांत्वन करावे म्हणून मी त्याच्याजवळ गेलो आणि आमच्या घरी जे म्हणतात तेच म्हणालो, "रडू नकोस. गेलेलं माणूस परत येतं. तुझ्या बहिणीच्या पोटी आईच येईल बघ." आमची आजी गेली त्याच्या दुसऱ्याच वर्षी चुलतभावाला मुलगी झाली, तेव्हा 'आजीच आली' असे सगळे म्हणाले होते आणि तिला आजीचेच नाव ठेवले होते. त्या आठवणीने आजही आमच्या घराला धीर येतो. पण माझे बोलणे ऐकून मित्र नुसता माझ्याकडे पाहत राहिला. त्याचे वडील शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "बाळ, आमच्यात तसं मानत नाहीत. पण तू आलास, बरं वाटलं."

परतीच्या वाटेवर मला ते वाक्य बोचत राहिले. तीन वर्षे एका बाकावर बसलो, नाताळात त्याच्या घरच्या नेवऱ्या खाल्ल्या. पण मरणाबद्दल त्याच्या घरात काय मानतात हे मला ठाऊक नव्हते. त्यानंतर मी काही वाचले, त्या मित्राला विचारले, ओळखीच्या एका फादरांनाही विचारले. त्यातून जे समजले ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवतो. हेतू प्रचाराचा नाही आणि कोणाचा धर्म श्रेष्ठ हे ठरवण्याचाही नाही. शेजाऱ्याच्या दुःखात उभे राहायचे तर त्याची भाषा थोडी तरी यावी, एवढाच हेतू आहे.

माती आणि श्वास

आपण हिंदू घरांतली मुले लहानपणापासून ऐकतो की आत्मा अमर आहे आणि शरीर हे त्याचे वस्त्र आहे. जुने टाकून तो नवे घेतो. त्यामुळे ख्रिस्ती माणूस 'आत्मा' म्हणतो तेव्हा त्याला हेच अभिप्रेत असावे, असे आपण धरून चालतो. शब्द एकच आहे, पण अर्थाची बैठक वेगळी आहे.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीमध्ये, अशी कथा आहे की देवाने भूमीच्या मातीपासून माणूस घडवला, त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकला आणि माणूस जिवंत झाला. ज्याच्या गावाचे नावच कुंभारवाडा आहे, त्याला ही कथा समजायला जड जाऊ नये. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की आत्मा आधी कुठेतरी होता आणि मग शरीरात शिरला, असे ही कथा सांगत नाही. माती आणि श्वास मिळून एक माणूस होतो. मूळ हिब्रू भाषेत यासाठी 'नेफेश' असा शब्द आहे. त्यात जीव, श्वास, आणि 'मी स्वतः' असे सगळे अर्थ येतात.

आत्मा शरीरापासून वेगळा आणि स्वभावतःच अमर आहे, हा विचार ग्रीक तत्त्वज्ञांचा, विशेषतः प्लेटोचा. पुढे ख्रिस्ती विचारवंतांनी तो बराचसा स्वीकारला. पण शरीर म्हणजे आत्म्याचा तुरुंग, हे मात्र चर्चने मान्य केले नाही. शरीरही देवानेच केले, म्हणून तेही चांगले, असे ख्रिस्ती धर्म धरतो. तिसरी गोष्ट, आत्मा देवाने निर्माण केलेला आहे, तो देवाचा अंश नाही. आणि प्रत्येक माणसाला जन्म एकच. पूर्वजन्म नाही, पुनर्जन्मही नाही. माझे सांत्वन चुकले ते नेमके इथे.

मृत्यू आणि हिशेब

मृत्यूच्या क्षणी आत्मा आणि शरीर यांची ताटातूट होते. शरीर मातीला मिळते. आत्मा देवासमोर उभा राहतो आणि त्याचा न्याय होतो, असे कॅथॉलिक चर्च शिकवते. हा एकेकाचा न्याय. जगाच्या शेवटी सर्वांचा मिळून होतो तो अंतिम न्याय.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. न्याय म्हटल्याबरोबर मला ताळेबंद आठवला. पुण्य जमेला, पाप नावे, आणि शिल्लक पाहून स्वर्ग किंवा नरक. मी तसे फादरांना विचारलेही. ते हसले आणि म्हणाले, "तुझं पुस्तक बरोबर आहे, पण आमच्या धर्मात ते तेवढ्यावर मिटत नाही." त्यांच्या सांगण्याचा आशय असा की माणसाच्या कृत्यांना मोल आहेच, भुकेल्याला अन्न दिले की नाही, आजाऱ्याची विचारपूस केली की नाही, हे विचारले जाईल असे येशूने स्वतः सांगितले आहे. परंतु केवळ स्वतःच्या जमेवर कोणाचेही खाते पूर्ण होत नाही. ते कर्ज येशूने क्रूसावर फेडले आणि देव ते माफ करतो. याला ते 'कृपा' म्हणतात. धनको स्वतःच्या पदरचे घालून ऋणकोला मोकळा करतो, ही नोंद आमच्या जमाखर्चाच्या पुस्तकात कुठल्या सदराखाली घालावी, मला अजून कळलेले नाही.

या न्यायानंतर स्वर्ग म्हणजे देवाचे कायमचे सान्निध्य, आणि नरक म्हणजे त्याच्यापासून कायमचे दूर जाणे. कॅथॉलिक लोक तिसरी एक अवस्था मानतात, ती शुद्धीकरणाची. देवाच्या मैत्रीत मेलेला, पण पूर्ण शुद्ध न झालेला आत्मा इथे शुद्ध होतो आणि मगच स्वर्गात जातो. अशा आत्म्यांना जिवंत माणसांच्या प्रार्थनेचा उपयोग होतो, अशी श्रद्धा असल्यामुळे मृताच्या नावाने मिस्सा केला जातो. सातव्या दिवशी, महिन्याने आणि वर्षाने असे मिस्सा ठेवण्याची रीत आपल्या भागातही आहे. आपल्या तेराव्याची आणि वर्षश्राद्धाची इथे आठवण होते खरी, पण पिंड किंवा कावळा यांना तिथे स्थान नाही.

प्रॉटेस्टंट पंथांनी ही शुद्धीकरणाची अवस्था नाकारली. या वादाला पैशाचीही एक बाजू होती. युरोपात शिक्षेतून सूट देणारी क्षमापत्रे पैसे घेऊन वाटली जात. त्याविरुद्ध मार्टिन लूथरने 1517 साली जर्मनीतील विटेनबर्ग येथे आपले 95 मुद्दे मांडले आणि त्यातून पुढे चर्चमध्ये मोठी फूट पडली. मेलेल्यांच्या मुक्तीचा व्यापार होऊ नये, हा त्याचा आग्रह कोणत्याही धर्माच्या माणसाला पटण्यासारखा आहे.

तिसरा दिवस

आता मुख्य गोष्ट. शुक्रवारी येशूला क्रूसावर मारले, त्याच दिवशी त्याला थडग्यात ठेवले, आणि रविवारी पहाटे काही स्त्रिया तिथे गेल्या तेव्हा थडगे रिकामे होते, असे चारही शुभवर्तमाने सांगतात. त्या स्त्रियांत मग्दालाची मरिया होती. नंतर येशू शिष्यांना भेटला, त्यांच्याबरोबर जेवला, हातांवरचे खिळ्यांचे वण त्याने दाखवले. ईस्टरचा सण या घटनेचा. आपल्याकडे नाताळ जास्त माहीत आहे, पण धर्माच्या दृष्टीने ईस्टर मोठा.

येशूने लाजरसलाही थडग्यातून उठवले, अशी कथा आहे. मग या दोहोंत फरक काय? लाजरस त्याच जुन्या आयुष्यात परत आला. म्हणजे तो पुढे केव्हातरी पुन्हा मरणारच. येशूचे पुनरुत्थान तसे नाही. तो मरणाच्या पलीकडच्या नव्या जीवनात उठला, पुन्हा न मरण्यासाठी. आणि जे त्याच्या बाबतीत घडले ते शेवटच्या दिवशी सर्वांच्या बाबतीत घडेल, हा ख्रिस्ती श्रद्धेचा कणा आहे. इ.स. 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने पक्क्या केलेल्या विश्वासांगीकारात मृतांच्या पुनरुत्थानाची आशा शेवटी घातलेली आहे, आणि तो विश्वासांगीकार आजही रविवारच्या मिस्सात म्हटला जातो.

थडग्यातले शरीर कुजून गेले असेल तर उठणार काय, हा प्रश्न तुम्हा-आम्हालाच पडतो असे नाही. पहिल्या शतकात करिंथ शहरातल्या लोकांनाही तो पडला होता. संत पौलाने त्यांना पत्रातून जे उत्तर दिले, त्यात बियाण्याचा दृष्टांत आहे. पेरतो तो दाणा वेगळा दिसतो आणि उगवते ते रोप वेगळे. तरी ते त्याच दाण्याचे असते. दाणा मातीत गेल्याशिवाय रोप येत नाही. जोयडा तालुक्यात भातशेती करणाऱ्या आम्हा लोकांना हे अधिक समजावून सांगायला नको. उगवलेल्या रोपात दाणा शोधू गेलात तर सापडणार नाही, पण जया पेरले तर जयाच उगवते, दुसरे भात येत नाही.

यात एक मुद्दा माझ्या मनाला फार लागला. पुनर्जन्मात आजी परत येते, पण दुसऱ्या रूपाने. तिला आपण आठवत नसतो. पुनरुत्थानात ती परत येत नाही, आपण तिच्याकडे जातो. पण भेटते ती तीच, त्याच ओळखीची. एका श्रद्धेत माणूस घरी परततो, दुसरीत घर पुढे वाट पाहत असते. दोन्हींच्या मुळाशी दुःख एकच आहे.

आपल्या मुलखात

या कल्पना आपल्या भाषेत आल्या त्याला चारशे वर्षे झाली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू 1579 साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचले. ते 1616 मध्ये साष्टीतील राचोल येथे छापले गेले. सुमारे 11 हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. ज्ञानेश्वरीचा छंद ओवी, तोच याचाही. सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा सांगताना त्याने परका शब्द न घेता स्वर्गासाठी 'वैकुंठ' म्हटले. नव्या श्रद्धेला जुन्याच शब्दांचे घर मिळाले. मात्र शब्द तोच राहिला की अर्थही तोच असावा असे वाटू लागते, आणि माझ्यासारख्याची फसगत होते.

आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात कोकणी बोलणारे कॅथॉलिक पुष्कळ आहेत, हल्याळ भागात ख्रिस्ती सिद्दी बांधव आहेत. कारवारचा स्वतंत्र धर्मप्रांत 1976 मध्ये झाला. गंमत अशी की आपण मराठीत 'पुनरुत्थान' म्हणतो आणि आपल्या मासिकाच्या कन्नड विभागातले मित्रही 'पुनरुत्थान'च म्हणतात. दफनभूमीला कोकणीत मात्र 'सिमितेर' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांकडून आला.

ख्रिस्ती लोक पुरतात ते का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. येशूला थडग्यात ठेवले होते, आणि शरीर उठणार ही आशा आहे, म्हणून. परंतु जाळले तर देवाला ते उठवता येणार नाही, असे कोणी मानत नाही. कॅथॉलिक चर्चने 1963 मध्ये दहनावरील बंदी उठवली. 2016 मध्ये व्हॅटिकनने पुन्हा स्पष्ट केले की दफन अधिक पसंत, दहन चालेल, मात्र राख उधळू नये, पवित्र ठिकाणी ठेवावी. शिवाय पुरणे हे काही ख्रिस्ती लोकांचेच वैशिष्ट्य नव्हे. मुसलमान पुरतात, लिंगायतही पुरतात. आपल्याच तालुक्यात उळवीला चन्नबसवण्णांची समाधी आहे आणि तिच्या दर्शनाला हजारो लोक येतात.

दुसरा एक गैरसमज जुन्या गोव्याच्या संत फ्रान्सिस झेवियरविषयी आहे. त्यांचा मृत्यू 1552 मध्ये चीनजवळच्या एका बेटावर झाला आणि 1554 मध्ये त्यांचा देह गोव्यात आणला गेला. साधारण दहा वर्षांनी तो दर्शनासाठी ठेवतात. 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात असे दर्शन झाले. देह टिकला म्हणजेच पुनरुत्थान, अशी काहींची समजूत दिसते. तसे नाही. टिकलेला देहही मृतच आहे. जे समुद्रात बुडाले, आगीत गेले, त्यांनाही तीच आशा सांगितलेली आहे.

शेवटी

2 नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी कबरी साफ करतात, फुले ठेवतात, मेणबत्त्या लावतात. मित्राने मला बोलावले नव्हते, तरी मी गेलो. पावसाळ्यात आम्ही माती टाकली होती तिथे गवत उगवले होते, ते आम्ही दोघांनी मिळून काढले. मेणबत्ती वाऱ्याने दोनदा विझली, तिसऱ्यांदा मी ओंजळ धरली.

या वेळी मी काही शिकवायला गेलो नाही. "आई भेटेल रे तुला," एवढेच म्हणालो. मी स्वतः तसे मानतो का, असे कोणी विचारले तर उत्तर देणे मला कठीण जाईल. माझ्या घरी अजून आजीच्या नावाची ती मुलगी अंगणात खेळते आहे. पण त्याच्या आईच्या कबरीपाशी त्याच्याच श्रद्धेचे शब्द बोलावेत, एवढे मला समजले होते. तो म्हणाला, "भेटेल," आणि मग आम्ही शेवटची बस चुकू नये म्हणून रस्त्याकडे निघालो.