पांढऱ्या ठिपक्यांचे वेळापत्रक

‘सागरी पांढरे ठिपके’ या नावाने ओळखला जाणारा माशांचा रोग क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या एकपेशीय परजीवीमुळे होतो. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीत हा परजीवी शिरला, तर काही आठवड्यांत पेटीतील बहुतेक मासे मरू शकतात. त्याला मारणारी द्रव्ये उपलब्ध आहेत आणि ती फारशी दुर्मिळही नाहीत. तरीही उपचार वारंवार फसतात, कारण ही द्रव्ये परजीवीच्या आयुष्यातील एका अल्प टप्प्यावरच परिणाम करतात आणि उरलेला सगळा काळ तो त्यांच्या आवाक्याबाहेर असतो. म्हणूनच या रोगाच्या उपचारात औषधाच्या तीव्रतेपेक्षा दिवसांची मोजणी अधिक महत्त्वाची ठरते.

या रोगाचे वर्णन जपानमध्ये सिकामा यांनी 1930 च्या दशकात केले आणि परजीवीला आजचे शास्त्रीय नाव ई. एम. ब्राउन यांनी 1951 मध्ये दिले. गोड्या पाण्यातील माशांवरही असेच ठिपके उठवणारा इक्थिओफ्थिरियस नावाचा परजीवी आढळतो. दोघांची लक्षणे आणि जीवनक्रम यांत इतके साम्य आहे, की ते जवळचे नातलग असावेत असे दीर्घकाळ मानले जात होते. जनुकीय अभ्यासातून मात्र त्यांचे गट वेगळे असल्याचे आणि परजीवी जीवनाची ही सारखी पद्धत दोघांनी स्वतंत्रपणे आत्मसात केल्याचे दिसून आले. उपचाराच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे, कारण गोड्या पाण्यातील उपाय खाऱ्या पाण्यात जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

परजीवीचे जीवनचक्र चार अवस्थांत पूर्ण होते. पहिल्या अवस्थेत तो पक्ष्माभिकांच्या, म्हणजे पेशीवरील सूक्ष्म हलत्या तंतूंच्या साहाय्याने पाण्यात पोहत यजमान मासा शोधतो आणि एक-दोन दिवसांत तो न सापडल्यास मरतो. मासा सापडताच तो त्वचेच्या किंवा कल्ल्यांच्या वरच्या थराखाली शिरतो, तेथील पेशी व ऊतिद्रव खाऊन वाढतो आणि अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पोहोचतो. मिठाच्या कणासारखा दिसणारा ठिपका म्हणजे हीच दुसरी अवस्था. तीन ते सात दिवसांनी तो मासा सोडतो, तळावर काही तास सरपटतो आणि वाळूला, खडकाला किंवा काचेला चिकटून स्वतःभोवती कठीण कवच तयार करतो. या कवचबंद अवस्थेला पुटी म्हणतात. पुटीत त्याचे वारंवार विभाजन होऊन दोनशेच्या आसपास नवे परजीवी तयार होऊ शकतात. ते बाहेर पडण्यास कधी तीन दिवस लागतात, तर कधी चार आठवडे, आणि बहात्तर दिवसांनंतर बाहेर पडल्याचीही नोंद आहे. परजीवी माशाला सोडतो तो बहुधा अंधारात, आणि त्याची नवी पिढी पुटीतून बाहेर पडते तीही प्रामुख्याने पहाटेपूर्वी. या वेळी मासे तळाजवळ किंवा खडकांच्या आडोशाला विसावलेले असल्याने यजमान सापडण्याची शक्यता वाढते. समुद्राच्या अफाट पाण्यात यांतील बहुतेक जीव यजमानाविना नष्ट होतात. मत्स्यपेटीत मात्र प्रत्येक पिढीला मासा हाताशीच मिळत असल्याने संसर्गाची तीव्रता झपाट्याने वाढत जाते.

या जीवनक्रमामुळेच सर्वांत घातक गैरसमज निर्माण होतो. परजीवी ठरलेल्या वेळी मासा सोडून तळाशी गेले, की अंगावरचे ठिपके आपोआप नाहीसे होतात, आणि त्या सुमारास पाण्यात जे काही घातलेले असेल त्याला रोगमुक्तीचे श्रेय मिळते. प्रत्यक्षात पुट्यांमधून पुढची, कितीतरी मोठी पिढी तयार होत असते. शिवाय संसर्ग केवळ कल्ल्यांत असल्यास अंगावर एकही ठिपका न दिसता मासा श्वास कोंडून मरू शकतो. प्रादुर्भावातून वाचलेल्या माशांत काही महिने टिकणारी अंशतः प्रतिकारशक्ती निर्माण होते. परंतु असे निरोगी दिसणारे मासे थोडे परजीवी बाळगून नव्या माशांना संसर्ग देऊ शकतात.

त्वचेखालचा परजीवी आणि पुटीतला परजीवी हे दोघेही औषधापासून सुरक्षित असल्याने उपचाराचे लक्ष्य मुक्तपणे पोहणारी अवस्था हेच असते. तिलाही औषधाविना चुकवता येते, हे इस्रायलमधील एलात येथे सागरी मत्स्यशेतीवर काम करणारे अँजेलो कोलोर्नी यांनी 1980 च्या दशकात दाखवून दिले. त्यांच्या पद्धतीत माशांना दर तीन दिवसांनी, असे चार वेळा, स्वच्छ व पूर्ण कोरड्या केलेल्या टाकीत नव्या पाण्यात हलवले जाते. पुटी फुटण्यास किमान तीन दिवस लागत असल्याने माशावरून गळालेला प्रत्येक परजीवी जुन्या टाकीत मागे राहतो आणि बारा दिवसांच्या अखेरीस अंगावर एकही शिल्लक उरत नाही. एकच फेरी एका दिवसाने लांबली, तरी ही सारी रचना निष्फळ ठरू शकते.

औषधांमध्ये तांब्याचा वापर सर्वांत जुना आहे. मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, द्रावणाने पाण्यातील मुक्त तांब्याचे प्रमाण लिटरमागे साधारण 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम राखून ते किमान तीन आठवडे टिकवावे लागते. प्रमाण त्याखाली गेल्यास परजीवी वाचतो आणि फार वर गेल्यास माशाच्या कल्ल्यांना इजा होते, त्यामुळे रोज मोजणी करणे अनिवार्य ठरते. प्रवाळ, कोळंबी, शंख अशा अपृष्ठवंशी जीवांना तांबे मारक असते. चुनखडीयुक्त वाळू व खडक ते शोषून घेत असल्याने पाण्यातील प्रमाणही स्थिर राहत नाही. म्हणून हा उपचार मूळ पेटीत न करता वाळू-खडकांविरहित स्वतंत्र टाकीत केला जातो. हिवतापावरील क्लोरोक्वीनचाही असाच उपयोग होतो, पण तेही प्रवाळ आणि शैवाल यांना सहन होत नाही.

तिसरा मार्ग लवणता घटवण्याचा आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, तर अस्थिमय सागरी माशांच्या रक्तातील क्षारांची संहती त्याच्या साधारण एक तृतीयांश असते. त्यामुळे टाकीतील क्षार 15 ग्रॅमच्या आसपास आणल्यास बहुतेक मासे ते सहन करतात, उलट शरीरातील पाणी टिकवण्याचे त्यांचे श्रम कमी होतात. पुटीतील परजीवीला मात्र हा बदल पेलत नाही आणि तर्षणामुळे, म्हणजे पातळ द्रावणातील पाणी पटलातून दाट द्रावणाकडे शिरल्याने, तो नष्ट होतो. रक्तात युरिया साठवणाऱ्या मुशी आणि पाकट यांच्यासाठी हा उपाय योग्य नाही. तैवानमध्ये अत्यल्प लवणतेतही रोग पसरवणारे वाण सापडल्यामुळे तो सर्वत्र हमखास लागू पडतो असेही म्हणता येत नाही.

उपचारापूर्वी रोगाची ओळख पटवणे तितकेच आवश्यक आहे. अमायलोऊडिनियम हा परजीवी अंगावर बारीक पिवळसर भुकटीचा थर आणतो आणि काही दिवसांत मासे मारतो. तो तांब्याला दाद देतो, पण कमी लवणता सहज सोसतो. विदूषक माशांना ग्रासणाऱ्या ब्रुकलिनेलाचे सारे आयुष्य माशावरच जाते, त्यामुळे त्यावर फॉर्मॅलिनचे अल्पकालीन स्नान उपयोगी पडते. निओबेनेडेनिया या चपट्या कृमीवर प्राझिक्वांटेल चालते. मात्र त्याच्या अंड्यांवर परिणाम होत नसल्याने मात्रा पुन्हा द्यावी लागते. निश्चित निदान त्वचेच्या खरवडीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्यावरच होते.

मासे बरे झाले तरी मूळ पेटीतील पुट्या कायम असतात, म्हणून ती पेटी माशांविना किमान सहा आठवडे, आणि पूर्ण खात्रीसाठी अडीच महिने, रिकामी ठेवली जाते. या काळात प्रवाळ व इतर अपृष्ठवंशी जीव तेथे राहू शकतात, कारण हा परजीवी त्यांच्यावर जगत नाही. परजीवी टिपून खाणारा क्लीनर रॅस मासा पेटीत सोडल्यास रोग जाईल, ही अपेक्षा फोल ठरते; त्याचे भक्ष्य अंगावरचे जीव असतात आणि हा परजीवी त्वचेखाली दडलेला असतो.

हौशी मत्स्यपालनापुरताच हा प्रश्न मर्यादित नाही. कोकणच्या खाड्यांत परिचित असलेला जिताडा अनेक देशांत पिंजऱ्यांत वाढवला जातो आणि दाटीने ठेवलेल्या त्या माशांनाही हाच परजीवी ग्रासतो. तेथे प्रत्येक माशाला टाकीतून टाकीत हलवणे अशक्यप्राय असते आणि खुल्या पाण्यात औषधाचे प्रमाण टिकत नाही. मत्स्यपेटी बाळगणाऱ्याच्या हाती मात्र पाण्याचे नियंत्रण पूर्णपणे असते. नवा मासा आधी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच पेटीत सोडण्याचा नियम पाळला, तर परजीवीचा संपूर्ण जीवनक्रम त्या वेगळ्या टाकीतच उघड होतो आणि तेथेच थांबवता येतो.