पेव आणि तळघर

वऱ्हाडातील जुन्या गढ्यांचे आणि वाड्यांचे अवशेष ज्यांनी पाहिले आहेत त्यांना पेव म्हणजे काय हे समजावून सांगावे लागणार नाही. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद अशी ही कोठारे ज्वारीने भरून वरून मातीने लिंपून टाकीत, आणि एखादे वर्ष कोरडे गेले म्हणजे ती उघडीत. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. आधी जळता दिवा खाली सोडून पाहत, कारण कोंडलेल्या धान्यातून निघालेला वायू तळाशी साचलेला असे आणि त्यात दिवा विझला तर माणूसही गुदमरणार हे उघड होते. हाच कर्बवायू फ्रान्सच्या ईशान्य भागातील एका प्रांतात बाटलीच्या आत कोंडून ठेवतात आणि त्याच्या बुडबुड्यांसाठी जगभरातील श्रीमंत लोक वाटेल ती किंमत मोजतात. शॅम्पेन हे त्या प्रांताचे आणि तिथल्या मद्याचे नाव. शेगावच्या वारीला पायी जाणाऱ्या आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मद्याची महती गाण्याचे काही प्रयोजन नाही. परंतु ते मद्य करणाऱ्या घराण्यांनी दोन-दोन शतके आपला धंदा कसा राखला, आणि महाराष्ट्रातील एका घराण्याने तोच खटाटोप केला तेव्हा काय घडले, हा विषय दारूचा नसून साठ्याचा आहे, आणि साठ्याचा विषय शेतकऱ्याच्या जिल्ह्याला परका नाही.

प्रथम जमिनीविषयी. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शॅम्पेनच्या वेली उभ्या आहेत त्या खडूच्या पांढऱ्या थरावर. हा खडू पावसाचे पाणी स्पंजासारखे शोषून धरतो आणि कोरड्या दिवसांत मुळांना थोडेथोडे पुरवतो. हवा इतकी थंड की द्राक्षे जेमतेम पिकतात, त्यांत साखर कमी आणि आंबटपणा अधिक राहतो. खाण्याच्या द्राक्षात हा दोष ठरला असता. फेसाळ मद्याला मात्र हाच आंबटपणा कणा देतो. शिवाय हा खडू मऊ असल्याने त्यात भुयारे खोदणे सोपे. रँस शहराखाली रोमन काळापासून दगडासाठी खोदलेल्या खाणी होत्या, त्यांचीच पुढे तळघरे झाली. तेथे बारा महिने दहा ते बारा अंश सेल्सिअस एवढेच तापमान राहते, ते वाढवावे लागत नाही की उतरवावे लागत नाही.

बुडबुड्यांचा शोध ओव्हिलेर येथील मठाचा कोठीप्रमुख दोम पेरिन्यों याने लावला अशी दंतकथा सर्वत्र सांगितली जाते. वस्तुस्थिती अशी की, १६६८ पासून १७१५ पर्यंत मठाचे कोठार सांभाळणाऱ्या या साधूला बुडबुडे हा उपद्रवच वाटत असे, आणि मद्यात साखर घालून ते फेसाळ करण्याच्या रीतीचे वर्णन क्रिस्टोफर मेरेट या इंग्रज विद्वानाने १६६२ सालीच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे केले होते. त्या साधूचे खरे कर्तृत्व निराळे: निरनिराळ्या मळ्यांतील द्राक्षांचा मेळ घालून एकजीव चव साधणे. शॅम्पेनची सारी विद्या अद्यापही या मेळावरच उभी आहे.

कृती थोडक्यात अशी. सप्टेंबरच्या सुमारास द्राक्षे हातानेच खुडतात. पिनो न्वार आणि म्यूनिए ही काळी द्राक्षे आणि शार्दोने ही पांढरी जात. चार हजार किलो द्राक्षांतून २,५५० लिटरच रस घ्यावा असा कायदा आहे, कारण अधिक पिळले तर सालीचा रंग आणि तुरटपणा उतरतो. हा रस प्रथम टाकीत किंवा लाकडी पिंपात आंबतो. मग वसंत ऋतूत घराण्यातील जाणते लोक अनेक मळ्यांची आणि अनेक वर्षांची मद्ये चाखून त्यांचा मेळ ठरवतात. मेळ बाटल्यांत भरताना दर लिटरला वीस-चोवीस ग्रॅम साखर आणि थोडे किण्व घालतात. बाटलीत पुन्हा आंबण्याची क्रिया होते, वायूला वाट मिळत नाही, आणि आतला दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या सुमारे अडीच पट. साखरेचे हे गणित १८३६ साली शालों गावच्या फ्रांस्वा नावाच्या अभ्यासू औषधविक्याने बसवून देईपर्यंत तळघरात बाटल्या फटाक्यांच्या माळेसारख्या फुटत, आणि कामगार तोंडावर लोखंडी जाळीचा मुखवटा चढवल्याखेरीज आत पाऊल टाकीत नसत.

काम झालेले किण्व मरून गाळरूपाने तळाशी बसते, आणि मद्य त्या गाळावर निजलेले असतानाच त्याला पावाच्या ताज्या कवचासारखा गंध येतो. साध्या शॅम्पेनला बाटलीत किमान पंधरा महिने आणि विशिष्ट वर्षाच्या शॅम्पेनला तीन वर्षे ठेवलेच पाहिजे, असा दंडक आहे. गाळ काढायचा तर फेस जाता कामा नये. ही अडचण सोडवण्याचे श्रेय १८०५ साली सत्ताविसाव्या वर्षी विधवा झालेल्या बार्ब-निकोल क्लिको या बाईच्या तळघराला देतात: भोके पाडलेल्या तिरप्या फळ्यांत बाटल्या उलट्या खोचून रोज थोड्याथोड्या फिरवीत गेले की गाळ हळूहळू बुचाशी येऊन साचतो. मग बाटलीची मान गोठवून बूच उडवतात, बर्फाच्या गोळीसह गाळ बाहेर पडतो, कमी झालेली जागा थोड्या गोड मद्याने भरतात आणि कायमचे बूच ठोकतात.

आता एका घराण्याची हकीकत. मार्न नदीकाठच्या आय या गावी १८२९ साली बॉलिंजर ही पेढी निघाली. मळे होते आतानाझ द व्हिलेरमों या सरदाराचे. पण सरदाराने व्यापाराला आपले नाव देणे तत्कालीन प्रतिष्ठेला शोभत नसल्याने, जर्मनीतील वुर्टेम्बर्गहून आलेला याकोब बॉलिंजर आणि पॉल रनोदँ या दोघांची नावे पाटीवर लागली. पुढे बॉलिंजरने सरदाराच्या मुलीशी विवाह केला आणि जमीन, नाव आणि व्यापार ही तिन्ही एका घरात आली. १८८४ साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची सनद या पेढीला मिळाली.

१९४१ साली, जर्मन फौजा प्रांतात ठाण मांडून बसल्या असताना, घराण्याचा कर्ता पुरुष जाक बॉलिंजर मरण पावला आणि कारभार त्याची विधवा लिली हिच्याकडे आला. फ्रान्सच्या जुन्या कायद्यात विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीवाचून व्यवहार करता येत नसे, विधवेला मात्र येत असे. शॅम्पेनच्या इतिहासात एवढ्या विधवा का भेटतात याचे एक कारण या कायद्यात आहे. लिलीचा जन्म लॉ द लोरिस्तों घराण्यातला. याच आडनावाचा जाँ लॉ हा अठराव्या शतकात पाँडेचरीचा गव्हर्नर होता. पेट्रोल मिळेनासे झाल्यावर या बाई सायकलवरून मळ्यांची पाहणी करीत, आणि तीस वर्षे, म्हणजे १९७१ पर्यंत, त्यांनी पेढी सांभाळली. त्यांना मूलबाळ नव्हते. गादी आप्तांकडे गेली आणि मालकी आजही घराण्याकडेच आहे.

या घराण्याची जी वैशिष्ट्ये सांगितली जातात ती सगळी राखण्याची आहेत. चांगल्या वर्षांची मद्ये टाकीत न ठेवता ती मॅग्नम नावाच्या दुप्पट आकाराच्या बाटल्यांत, खऱ्या बुचाखाली, कित्येक वर्षे निजवून ठेवतात आणि पुढच्या मेळांत घोटघोट वापरतात. अशा बाटल्यांची संख्या लाखांत आहे. जुन्या ओक पिंपांची डागडुजी करणारा कारागीर ते पदरी बाळगतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा हा मुळे खाणारा किडा अमेरिकेतून येऊन फ्रान्सचे मळे मारीत सुटला, तेव्हा अमेरिकन खुंटावर कलमे बांधूनच वेल वाचवावी लागली. आपल्या नाशिक-जुन्नरकडचे बागाईतदार डॉगरिज खुंट वापरतात तोही अमेरिकन वंशाचाच. परंतु आय गावात बॉलिंजरांचे दोन लहानसे मळे असे आहेत की जेथे विनाकलमी जुनी वेल अद्याप उभी आहे आणि तिची वाढ जुन्या पद्धतीने, दाबकलमानेच केली जाते. १९६९ साली त्या मळ्यांचे मद्य प्रथमच वेगळे भरले गेले.

हे सगळे घराण्याचे झाले. पण नाव मात्र एकट्या घराण्याचे नाही. बाहेरची स्वस्त द्राक्षे आणून त्यांची शॅम्पेन विकणाऱ्या पेढ्यांवर शेतकरी चिडले, आणि एप्रिल १९११ मध्ये याच आय गावात तळघरे फोडली गेली, रस्त्यांतून मद्याचे ओघळ वाहिले, घरे पेटली. फौज बोलवावी लागली. या दंग्यातून पुढे १९२७ चा हद्द ठरवणारा कायदा आणि १९३६ ची नामसंरक्षणाची व्यवस्था निघाली. त्या प्रांताच्या हद्दीत पिकलेल्या द्राक्षांचे आणि त्या रीतीने केलेले मद्यच शॅम्पेन, इतर सारी फेसाळ मद्ये. आपल्याकडे भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ मध्ये अंमलात आला; त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

आता महाराष्ट्राकडे येऊ. पुण्याहून नाशिककडे जाताना जुन्नर तालुक्यातील नारायणगाव लागते. शिवनेरीच्या परिसरातले हे गाव तमाशाची पंढरी म्हणून सर्वांना ठाऊक. पण १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले या मराठी उद्योजकाने येथे फेसाळ मद्याचा कारखाना उभारला, आणि तोही नकलेवर न भागवता. १७८५ साली फ्लोरेन्स-लुई हाइडसिक याने स्थापिलेल्या पायपर-हाइडसिक या शॅम्पेन पेढीचे तांत्रिक साहाय्य त्यांनी मिळवले, फ्रेंच वाणांच्या वेली सह्याद्रीच्या कुशीत लावल्या, आणि बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची अस्सल रीत येथे आणली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ते मद्य इंग्लंड-अमेरिकेच्या बाजारात गेले आणि भारतात असे काही होऊ शकते याचे तिकडच्या जाणकारांना नवल वाटले.

नवल वाटण्यासारखेच होते. फ्रान्सची वेल हिवाळ्यात झोपते. आपली कधीच झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरडछाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या करून तिला शिस्त लावावी लागते. तिकडे सूर्य कमी पडतो, इकडे आंबटपणा टिकवण्यासाठी द्राक्षे लवकर खुडावी लागतात. तिकडचे तळघर आपोआप थंड. इकडे थंडावा यंत्राने विकत घ्यावा लागतो. इतके असूनही कसब काही वर्षांत साध्य झाले. नारायणगावानंतर नाशिकने हा धंदा उचलला; राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले; आणि दिंडोरीस एका जगप्रसिद्ध फ्रेंच समूहाची फेसाळ मद्ये २०१३ पासून निघू लागली.

परंतु चौगुलेंची पेढी हे दिवस पाहायला उरली नाही. परदेशांतील खरेदी-विस्ताराचा बोजा वाढला, २००८ च्या जागतिक मंदीचा तडाखा बसला, कर्जे थकली, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत जाऊन कंपनी मोडीत निघाली. दोन पिढ्यांत उभे राहिलेले घर दोन पिढ्यांतच बसले. त्यांच्या साहसाला उणे लेखण्याचे कारण नाही, कारण महाराष्ट्रातल्या पुढच्या साऱ्या मद्यगृहांची वाट त्यांनीच पहिल्यांदा तुडवली. तरीही तुलना केल्यावाचून राहवत नाही: आय येथील पेढीने दोन महायुद्धे, किडा, दंगा आणि परकीय फौज पाहिली आणि ती टिकली, कारण वाईट वर्षी उघडण्यासाठी तिच्या तळघरात चांगली वर्षे बुचाखाली पडून होती.

यात नुसते शहाणपण नाही, भांडवलही आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तीन वर्षे बाटली न विकता ठेवायची तर तीन वर्षांचा खर्च कोणीतरी सोसावा लागतो. आमच्या चिखली-मेहकरचा शेतकरी सोयाबीन निघताच, भाव पडलेला असताना, बाजार समितीच्या आवारात नेऊन टाकतो तो त्याला साठ्याचे मोल कळत नाही म्हणून नव्हे. पेरणीचे देणे दारात उभे असते म्हणून. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावला रेल्वे आणि कापसाचा बाजार खुला झाला तेव्हापासून वऱ्हाडचा माल निघाला की लागलीच चालू लागतो, आणि त्याचबरोबर पेवेही बुजत गेली.

त्यावर उपाय अगदीच नाही असे नाही. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून चालू आहे: माल बाजार समितीच्या गोदामात ठेवावा, त्याच्या किमतीच्या पाऊणपट रकमेपर्यंत सहा महिन्यांच्या मुदतीने कर्ज घ्यावे, आणि भाव चढल्यावर विकावे. शॅम्पेनच्या तळघराचे आणि आजोबांच्या पेवाचे तत्त्व याहून वेगळे नाही. आपल्या बाजार समितीत ही योजना चालू आहे की नाही, आणि नसल्यास का नाही, हे वाचकांनी येत्या हंगामाआधी एकदा जाऊन विचारावे.