भूकंपाचा अलर्ट फोनवर येतो, पण हातात सेकंद किती?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगड-मातीची, माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. आमचं सोलापूर तिथून सरळ रेषेत साधारण 85 किलोमीटर. म्हणून ही सेटिंग मी घरातल्या सगळ्या फोनमध्ये चालू केली आहे.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ उघडा आणि ‘अर्थक्वेक अलर्ट्स’ ऑन करा. लोकेशन आणि इंटरनेट चालू हवं. भारतात ही सोय 2023 मध्ये आली.

हे चालतं कसं? फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ना, ते ज्या सेन्सरमुळे, तोच जमिनीचा हादरा ओळखतो. एका भागातल्या बऱ्याच फोनना एकदम हादरा जाणवला की सर्व्हर पुढच्या गावांना अलर्ट पाठवतो. नुकसान करणारी लाट सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर जाते, सिग्नल त्याहून कितीतरी वेगात.

आता हिशोब करा. किल्लारीहून सोलापूरला ती लाट यायला सुमारे 25 सेकंद. ओळखण्यात काही गेले, तरी थोडे उरतात. पण खुद्द किल्लारीत जवळपास शून्य!

म्हणून काय करायचं ते आधीच ठरवा. मजबूत टेबलाखाली बसा, डोकं झाका, टेबलाचा पाय घट्ट धरा. काचा, कपाटं यांच्यापासून लांब राहा. लिफ्ट नको. हादरे थांबल्यावरच बाहेर पडा, मदतीला 112 लावा.

आणि अंथरुणाच्या वरच्या फळीवर जड ट्रंक असेल, तर ती आजच खाली उतरवा.