पाण्याखालील श्वासाचे श्रम

शापोरा नदीत तिसऱ्या काढणारे आमच्या पेडण्याकडचे लोक छाती भरून बुडी मारतात आणि दम संपत आला की वर येतात. माझा एक माजी विद्यार्थी मात्र ग्रँड आयलंडपाशी पर्यटकांच्या पाठीवर हवेची टाकी बांधून त्यांना समुद्रात नेतो. टाकी भरलेली असतानाही माणूस खाली गुदमरू शकतो, हे त्याच्याकडून ऐकून मला नवल वाटले.

तीस मीटर खोलीवर दाब चौपट होतो आणि हवाही चौपट दाट. ती रेग्युलेटरमधून ओढणे हेच कष्टाचे काम. ईएन २५० ह्या युरोपीय मानकानुसार ५० मीटरवर, मिनिटाला ६२.५ लिटर श्वसन चालू असता, दर लिटरमागे ३ ज्यूलहून अधिक श्रम पडता कामा नयेत. ज्यूल म्हणजे काय, हे मज मराठीच्या मास्तरास विज्ञानाच्या सहकाऱ्याला विचारावे लागले. किलोचे वजन फूटभर उचलण्यास सुमारे ३ ज्यूल लागतात. ते मिनिटात बासष्ट वेळा उचलायचे, तेही केवळ श्वासाच्या स्नायूंनी! श्रम याहून वाढले की कार्बन डायऑक्साइड रक्तात साचतो, धाप लागते, माणूस घाबरतो.

पर्यटक इतके खोल जात नाहीत, हे खरे. पण मानकाची कसोटी लागते ती नव्या यंत्राला; मीठ-वाळू बसलेल्या जुन्या रेग्युलेटरला नव्हे. किनाऱ्यावर तोही सुरळीतच वाटतो. म्हणून सुटीत आलेल्या भाचरांना घेऊन गेलो, तेव्हा हा शेवटचा कधी खोलून तपासला त्याची नोंद मी मागितली. एकाने हसून विषय बदलला. दुसऱ्याने वही पुढे केली. मुले त्याच्या होडीत बसली.