प्रयोगाचा खर्च कोणी सोसावा?

छोट्या खाद्योद्योगाचे खरे दुखणे भांडवलाच्या टंचाईचे आहे, असे मानण्याचा प्रघात आहे. ते अर्धसत्य आहे. तेल, पापड वा हळद विकणाऱ्या एकट्या उद्योजकापाशी थोडाफार पैसा असतोही. त्याला परवडत नाही तो प्रयोग. फसला तर तोटा त्याचा एकट्याचा, आणि साधला तर शेजारी फुकटात नक्कल करणार! मग नवे करावे कोणी?

वर्ध्याने या प्रश्नाचे उत्तर एकदा दिले होते. 1934 च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या चिटणीसपदाखाली मगनवाडीत त्याचे कार्य सुरू झाले. तेथे झवेरभाई पटेल यांनी तेलघाणीत सुधारणा केल्या. एका घाण्यात अधिक बी घेणारी, अधिक तेल देणारी घाणी घडवून पाहण्याची उसंत गावच्या तेल्याला कोठली? खटाटोप संघाने केला. 'वर्धा घाणी' मात्र कोणा एकाची राहिली नाही, ती परप्रांतांतही गेली. गोरस भांडाराची कथाही याच जातीची. दूध नासते, अनेक गोपालकांचे दूध एकत्र आले म्हणूनच गाईच्या तुपातला टिकाऊ गोरसपाक वर्ध्याची ओळख बनू शकला.

आज कसोटी आहे ती हळदीची. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही मालमत्ता विलक्षण आहे. ती एकाची नसून त्या भूभागातील उत्पादकांची सामाईक आहे. एकाने बाहेरची भुकटी त्या नावाखाली विकली तर पत सर्वांचीच जाते. कुरकुमिनची तपासणी प्रत्येकाने स्वतंत्रपणे करणे परवडणार नाही, आणि कोणीच न करणे हा तर आत्मघात.

2020 मध्ये केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली. तीत वैयक्तिक उद्योगास खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान ठरले. सामाईक सुविधांचीही तरतूद झाली. परंतु एक अर्जदार, एक यंत्र, एक सही हा व्यवहार कोणत्याही कचेरीला सोयीचा असतो. घरोघरी गिरण्या बसवून त्या वर्षातील आठ महिने झाकून ठेवण्यापेक्षा, एक सामाईक गिरणी व एक तपासणीकक्ष अधिक शहाणपणाचा ठरेल.

अर्थात सामाईक म्हटले की तंटा आलाच. सहकाराचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. हळद सर्वांची एकाच हंगामात निघते. पहिली पाळी कोणाची, हे आधी कागदावर ठरलेले नसेल, तर बडा शेतकरी आपली पोती अगोदर उतरविणार आणि बचत गटातील बायका गिरणीच्या ओट्यावर बसून राहणार.