रोखीने घर घेताय? मग गहाणाची तपासणी तुम्हालाच करायची आहे

व्याज नको म्हणून आपल्याकडची अनेक कुटुंबं बँकेचं कर्ज न काढता घर घेतात. दागिने मोडून, भिशी उचलून, आखाती देशातल्या कमाईतून रक्कम उभी राहते. नियत चांगलीच आहे. पण कर्ज देणारी बँक आपल्या वकिलाकडून त्या घराचे जुने कागद तपासून घेते. रोखीच्या व्यवहारात हे काम कोणी करत नाही. घर आधीच गहाण असलं, तर ते खरेदीनंतर कळतं.

फसवणूक साधी असते. मालकाने बँकेत किंवा पतसंस्थेत मूळ खरेदीखत ठेवून कर्ज उचललेलं असतं. तुम्हाला तो झेरॉक्स दाखवतो, नाहीतर शिक्का मारलेली नक्कल. "मूळ कागद भावाकडे आहेत" असं सांगून इसार घेतो आणि खरेदीही करून देतो. मालक बदलला म्हणून बोजा उतरत नाही, तो घरासोबत येतो. हप्ते थकले की २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेऊ शकते. ती नोटीसही कर्जदाराच्या नावाने निघते, तुमच्या नाही.

म्हणून इसार देण्याआधी एवढं करा.

१. मूळ खरेदीखत स्वतः पाहा. "हरवलं" म्हणत असतील, तर पोलिसांतली तक्रार आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस मागा.

२. बोरी अरबचं घर असेल तर दारव्ह्याला दुय्यम निबंधक कार्यालयात वकिलामार्फत ३० वर्षांचा सर्च घ्या. १ एप्रिल २०१३ पासून महाराष्ट्रात कागद ठेवून कर्ज घेतलं, तर ३० दिवसांत त्याची सूचना तिथे द्यावी लागते. त्याआधीचं गहाण तिथे सापडेलच असं नाही, म्हणूनच मूळ कागदांचा आग्रह धरा.

३. 'सेरसाई' ही गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंद २०११ पासून आहे. थोडं शुल्क भरून कोणालाही ती ऑनलाइन पाहता येते.

४. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. मिळकत पत्रिका असेल तर ती पाहा. प्लॉट असेल तर सातबाऱ्याचा 'इतर अधिकार' रकाना वाचा. बोजा तिथे लिहिलेला असतो.

५. पैसे चेकने किंवा बँकेतूनच द्या. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. शिवाय उद्या वाद झाला तर बँकेची नोंदच पुरावा ठरते.

घर गहाण निघालं म्हणून सौदा मोडायलाच हवा असं नाही. बँकेकडून बाकी रकमेचं पत्र घ्या आणि तेवढी रक्कम विकणाऱ्याच्या हातात न देता थेट त्या कर्जखात्यात भरा. बेबाकी दाखला, मूळ कागद आणि बोजा उतरल्याची नोंद मिळाल्यावरच खरेदी नोंदवा. हे सगळं इसारपत्रात आधीच लिहून घ्या.

फसवणूक झालीच असेल, तर लाजेपायी गप्प बसू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत तक्रार करता येते. तालुका विधी सेवा समितीकडे वकिलाची मदत मागता येते, आणि महिलांना ती उत्पन्न न बघता मोफत मिळते. घर आई, बहीण किंवा पत्नीच्या नावावर असेल तर त्यांनी हा हक्क जरूर वापरावा.

"आपलाच माणूस आहे, कागद कसे मागायचे?" असं बरेच जण म्हणतात. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगितलं आहे. पुढच्याच आयतीत गहाणाचाही उल्लेख आहे. तेव्हा कागद मागणं हा एतबाराचा अपमान नाही. ज्याचा व्यवहार साफ आहे, तो कागद दाखवायला मागेपुढे पाहणार नाही.